मुखवट्यांच्या उत्सवाला धाकट्याला न्यावं का?

प्रश्न : मला दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा नुकताच चार पूर्ण झालाय. गेल्या वर्षी आम्ही सगळे, सासूबाईंसह, एका थीम पार्कमधल्या हॅलोविनच्या उत्सवाला गेलो होतो. जाहिरातीत ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ असं ठळक छापलं होतं. आत शिरून थोडं पुढे जातो न जातो तोच भोपळ्याचं भलंमोठं डोकं घातलेला एक कलाकार वाकून मुलाच्या अगदी तोंडासमोर आला. मुलगा जो किंचाळला, तो पुढचा सगळा वेळ माझ्या कडेवर, मानेत तोंड खुपसून. मुलीला हवी असलेली राइड राहिलीच, ती रुसली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या एका बाकावर बसून राहिल्या. परतताना मिस्टर एवढंच बोलले, “पैसे पाण्यात गेले.” नंतर बरेच दिवस मुलगा रात्री दचकून उठायचा, बाथरूमला एकटा जायचा नाही. नातेवाइकांत त्याला ‘भित्रा’ हे नावच पडलंय.

यंदा मुलीला पुन्हा जायचंय. मिस्टर म्हणतात, “धाकट्याला आईजवळ घरी ठेवू, आपण तिघं जाऊ, सकाळपासून रात्रीपर्यंत राहू आणि या वेळी सगळं बघूनच येऊ.” पण आता धाकटाच मागे लागलाय, “मला पण यायचंय, मी वाघ होणार!” त्याला नेलं तर भीती कायमची बसेल का? न्यावं की ठेवावं? आणि नेलं तर दिवस आखायचा कसा?

— दोन मुलांची आई

उत्तर :

ताई, त्याला न्या. तो स्वतःहून येतो म्हणतोय, आणि गेल्या वर्षी ज्या जागेनं त्याला हरवलं तिथेच त्याला वाघ होऊन जायचंय. चार वर्षांच्या मुलाकडून याहून धीराची गोष्ट कोणती मागायची? पण गेल्या वर्षीचाच दिवस पुन्हा काढायचा असेल तर मात्र नेऊ नका. ‘सगळं बघूनच येऊ’ हा बेत रद्द झाला, तरच माझं ‘न्या’ खरं.

आधी गेल्या वर्षी नेमकं काय झालं ते बघू, कारण ते कळलं की निम्मं काम होतं.

तुमचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. या वयाच्या मुलाला मुखवटा आणि त्यामागचा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्यासारखं ठामपणे कळत नाही. ऱ्हेटा डेव्हरीज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचा एक शांत बोका होता. मुलांना आधी त्याला गोंजारू दिलं. मग बोक्याचा पुढचा भाग आडोशाला नेऊन त्याच्या तोंडावर हुबेहूब कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग सगळा वेळ मुलांच्या डोळ्यांसमोरच होता, बोका कुठे गेला नाही की बदलला नाही. तरीही तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना वाटलं की आता हा कुत्रा झाला, आता हा भुंकणार. सहा वर्षांच्या बहुतेकांना मात्र कळत होतं की हा बोकाच आहे, वर फक्त तोंड लावलंय.

आता त्या भोपळ्याच्या डोक्याकडे तुमच्या मुलाच्या उंचीवरून बघा. तुम्हाला एक हसरा, हौशी कलाकार दिसला. त्याला दिसलं ते मानवी अंगावर बसलेलं, पापणी न हलणारं, आपल्याच तोंडाएवढ्या अंतरावर आलेलं डोकं. तो किंचाळला यात भित्रेपणा कुठे आला? त्याच्या समजुतीप्रमाणे तो अगदी बरोबर वागला आणि संकटात जिथे जायचं तिथेच गेला, आईच्या कडेवर. म्हणून ‘भित्रा’ हा शब्द घरात आजपासून बंद करा, आणि नातेवाईक बोलले तर त्याच्या देखतच त्यांना थांबवा. “तो तेव्हा लहान होता, एकदम कुणी तोंडासमोर आलं की मोठेही दचकतात,” एवढं एकच वाक्य पुरे. मूल आपल्याविषयीची मतं फार लवकर पाठ करतं.

चार आणि तीन यांत मोठा फरक आहे. वर्षभरात त्याची समज पुढे गेली आहे, ‘मी वाघ होणार’ हे त्याचंच लक्षण. आपण वेश घातला तरी आत आपणच असतो, हे तो आता चाचपून बघतोय. त्याला मदत करा. आत्तापासून उत्सवापर्यंत घरात मुखवट्यांशी खेळा. साधा कागदी मुखवटा आणा आणि आधी तो जमिनीवर पडू द्या. मुलाला हातात घेऊ दे, उलटा करून आतली बाजू बघू दे, डोळ्यांच्या भोकांतून बोटं घालू दे. मग तुम्ही तो त्याच्या समोर, हळूहळू, बोलत बोलत लावा आणि काढा. लावताना बोलणं थांबवू नका, कारण ओळखीचा आवाज चालू राहिला की चेहरा झाकला गेला तरी आई तिथेच राहते. नंतर लावायचं आणि काढायचं कधी, हे त्याला ठरवू द्या: तो ‘काढ’ म्हणाला की त्याच क्षणी काढायचा. या खेळात दचकवणं पूर्ण वर्ज्य. मामा-काका येऊन ‘भॉ’ करणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

वाघाचं म्हणाल तर त्याला मुखवटा नको. पूर्ण तोंड झाकणाऱ्या मुखवट्यात मुलाला बाजूचं दिसत नाही, श्वास कोंडतो, गर्दीत अडखळायला होतं. डोक्यावर कानांचा पट्टा, मागे आखूड शेपूट आणि गालांवर रंगाच्या मिश्या एवढ्यात वाघ होतो. चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी मनगटावर थोडा लावून बघा, खाज किंवा लाली आली तर तो वापरायचा नाही. शेपूट किंवा झूल लोंबती ठेवू नका. राइडवर, सरकत्या जिन्यावर लोंबतं काहीही धोक्याचं. मोठ्यांनीही वेश करायचं ठरत असेल तर पार्कचे नियम आधी वाचा. मोठ्यांना चेहरा झाकणारा मुखवटा पुष्कळ ठिकाणी चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता त्या जाहिरातीतल्या ‘संपूर्ण कुटुंबासाठी’विषयी. तुमची फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, पण या शब्दांवर किती विसंबायचं हे समजायला हे उत्सव आले कुठून ते माहीत असलेलं बरं. थंड प्रदेशातली उद्यानं पूर्वी उन्हाळा संपला की दारं लावून घेत. शरद आणि नाताळचे उत्सव सुरू झाले आणि त्यांचा हंगाम लांबला. कोपनहेगनचं तिवोली १८४३ सालचं, इतकं जुनं. तिथेही आता हॅलोविन आणि नाताळ हे स्वतंत्र हंगाम आहेत. पण हॅलोविनच्या उत्सवाला पहिल्यापासून दोन वेगळे प्रेक्षक मिळाले. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मनं १९७३ साली रात्रीचा भयोत्सव सुरू केला, तो धुरातून अंगावर धावून येणाऱ्या भुतांचा. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नका असं पार्कच सांगतं. दुसऱ्या टोकाला फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डनं १९९५ साली सुरू केलेला हॅलोविनचा उत्सव; त्याच्या नावातच ‘फारसं भीतिदायक नाही’ असं लिहिलेलं आहे. तिथे मिरवणूक, हसरी पात्रं आणि वेश करून आलेली मुलं असतात.

जगभरातले बाकीचे बहुतेक उत्सव या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. पुष्कळ पार्क तर दोन्ही एकाच दिवसात बसवतात: दुपारी लहान मुलांचं, अंधार पडला की तरुणांचं. आवार तेच, सजावट तीच, फक्त धुराची यंत्रं सुरू होतात आणि कलाकारांना लोकांच्या जवळ जायची मुभा मिळते. म्हणजे ‘कुटुंबासाठी’ हे शब्द दुपारी तीन वाजता खरे असतात आणि त्याच जागी रात्री आठला खरे राहतीलच असं नाही. मिस्टरांना हे जरूर सांगा. रात्रीपर्यंत राहून जे जास्तीचं मिळणार आहे, ते तुमच्या दोन्ही मुलांसाठी बनवलेलंच नसण्याची शक्यता मोठी आहे.

आणखी एक गोष्ट आईबाबांच्या ध्यानात येत नाही. राइडच्या दाराशी उंचीची पट्टी असते, १०२, १०७, १२२ सेंटिमीटर अशी. ती पाहून आपण ठरवतो की अट नाही म्हणजे लहान मुलाला चालेल. ती अट भीतीची नसतेच. मांडीवरचा दांडा आणि पट्टे अंगावर नीट बसावेत, मूल त्यातून निसटू नये यासाठी ती असते. संथपणे अंधारातून नेणाऱ्या राइडला बहुधा उंचीची अट नसते, आणि चार वर्षांच्या मुलाला सगळ्यांत जड तीच जाते. डिस्नीलँडमधलं १९६९ सालचं झपाटलेलं घर घ्या: उंचीची अट नाही, आत मात्र काळोख आणि मध्येच उठणारी भुतं. उत्सवाच्या दिवसांत तर ओळखीची राइडही बदललेली असते. त्याच घराला २००१ पासून शरदात वेगळी सजावट, वेगळं संगीत असतं. एरवी आवडीनं बसणारं मूल उत्सवात त्याच राइडला का घाबरलं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. म्हणून धाकट्याच्या यादीत उघड्यावरच्या, उजेडातल्या, बाहेरून पूर्ण दिसणाऱ्या राइड घ्या. बसण्याआधी एक फेरी बाहेर उभं राहून त्याला बघू द्या.

आता मिस्टरांकडे वळते. त्यांच्या ‘पैसे पाण्यात गेले’मध्ये मला राग कमी आणि हिरमोड जास्त दिसतो. त्यांनी सगळ्यांसाठी एक दिवस काढला, बेत केला, आणि कुणीच खूश झालं नाही. ते दुःख खरं आहे, त्याला उडवून लावू नका. पण या वेळचा त्यांचा उपाय त्याच दुखण्याला वाढवणारा आहे. तिकीट वसूल करायचं म्हणून सकाळी दार उघडताना शिरायचं आणि दिवे मालवेपर्यंत फिरायचं, हे धडधाकट मोठ्या माणसालाही झेपत नाही. नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळपर्यंत पेंगुळते आणि मग शेवटची राइड कुणालाच आठवत नाही. गेल्या वर्षी तुमचा दिवस मुलाच्या रडण्यानं बिघडला खरा, पण तो पूर्ण वाया गेला तो दुसऱ्याच कारणानं: पाचही जणांनी पाचही जणांबरोबर सतत राहायचं असं तुम्ही मनाशी धरलं होतं. तो रडला, म्हणून मुलगी अडकली, म्हणून तिचे बाबा अडकले.

या वेळी दोन तुकड्या करा. आत शिरल्यावर पहिला तास-दीड तास बाबा आणि लेक. तिनं आधीच निवडलेली, गेल्या वर्षी राहिलेली राइड सगळ्यांत पहिली. रांगा बहुधा सकाळी पार्क उघडताच सगळ्यांत लहान असतात, आणि तिचं मन आधी भरलं की पुढचा दिवस ती भावाशी उदारपणे वागते. नऊ वर्षांच्या मुलीला ‘तू मोठी ना, समजून घे’ हे वर्षभर ऐकावं लागतं. इथे तरी तिला ऐकवू नका. तिची उंची घरी, त्या दिवशीच्या चपलांनिशी मोजा. रांगेत तास काढून पट्टीखाली दोन बोटं कमी भरणं हे तिच्यासाठी भोपळ्याच्या डोक्याइतकंच वाईट.

तुम्हालाही मोठी राइड आवडत असेल तर पालकांच्या अदलाबदलीची सोय आहे का ते दाराशीच विचारा. एक जण मुलीबरोबर बसतो, दुसरा धाकट्याला घेऊन थांबतो. मग पुन्हा रांग न लावता दुसरा बसतो. पुष्कळ मोठ्या पार्कमध्ये ही सोय असते आणि मोठ्या भावंडाला बहुतेक वेळा दोन्ही पालकांबरोबर बसायला मिळतं. मुलगी हे ऐकूनच उड्या मारेल. पण ही सोय विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

सासूबाईंचं काय? तुमच्या पत्रात मला सगळ्यांत खटकलेली गोष्ट हीच, की मिस्टरांच्या बेतात त्या आपोआप मुलाला सांभाळायला घरी राहतात आणि तुमच्या आठवणीत त्या बाकावर बसलेल्या आहेत. त्यांना यायचंय का, हे त्यांना कुणी विचारलंय? आधी विचारा, आणि ‘माझं काय, तुम्ही जा’ हे पहिलं उत्तर शेवटचं म्हणून धरू नका. यायचं असेल तर व्हीलचेअर घ्या. चालता येणाऱ्या माणसाला ती घ्यायला संकोच वाटतो, पण मोठ्या पार्कमध्ये दिवसात काही किलोमीटर सहज चाललं जातं. खुर्ची दमल्यावर बसायला आणि एरवी ढकलत धरून चालायला, अशी दोन्ही कामांना येते. शिवाय अशा उत्सवात त्यांच्या आवडीचं खूप असतं: सजावट, दिवे, बसून बघायचे खेळ, संथ आगगाडी. १९५५ साली डिस्नीलँड उघडलं तेव्हापासून तिथे आगगाडी आहे, आणि पुष्कळ उद्यानांत ती असते. आजी आणि नातू यांनी गाडीतून सगळ्या उत्सवाला एक चक्कर मारणं, हा दोघांसाठीही पहिला तास घालवायचा उत्तम मार्ग आहे. मुलाला सुरक्षित जागेत, चाकांवर, आजीला बिलगून सगळं लांबून बघायला मिळतं. कुठे काय आहे ते कळतं. मग पायी जाताना अचानक काही समोर येत नाही.

वेळेचं असं करा. दुपारी मुलाची झोप झाली की निघा, उन्हं कलताना आत शिरा, दिवे लागल्यावर तासाभरात बाहेर पडा. संधिप्रकाशातला तो तास अशा उत्सवाचा सगळ्यांत देखणा तास असतो. दिवे पेटलेले, आकाश अजून काळं झालेलं नाही, चेहरे ओळखू येतात. धाकट्याला अंधारही थोडा चाखायला मिळतो आणि परतीची वाटही दिसत असते. मुलीला सकाळपासून जायचंच असेल तर बाबा आणि ती आधी जातील, तुम्ही तिघं दुपारी जाऊन त्यांना गाठाल. मात्र तिकिटावर आत येण्याची वेळ छापलेली असली, तर ती पाहून घ्या. उत्सवाचं तिकीट वेगळं असतं का, तेही.

वेशातल्या पात्रांना भेटायचं असेल तर अंतर मुलानं ठरवायचं. बऱ्याच वेशांत आतल्या कलाकाराला फार थोडं दिसतं, खाली पायाशी उभं असलेलं मूल तर दिसतच नाही. म्हणून सोबत पार्कचा माणूस असतो. त्याला सांगा की हा लांबूनच बघणार आहे. मग मुलाला तुमच्या पुढे ढकलू नका, मागून उचलून पात्राच्या हातात देऊ नका, फोटोसाठी आग्रह करू नका. दहा पावलांवरून हात हलवला आणि तिकडून हात हलला, की भेट झाली. पुढची पावलं तो टाकेल किंवा नाही टाकणार. काही पार्कमध्ये घाबरायचं नसलेल्यांसाठी चमकणारी माळ किंवा बिल्ला मिळतो, तो दिसला की कलाकार जवळ येत नाहीत. असेल तर जरूर घ्या, आणि मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगा. आपल्या गळ्यात असं काही आहे की भुतंसुद्धा ऐकतात, हे कळल्यावर त्याची चाल बदलते.

रात्री आतषबाजी असेल तर ती लांबून बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, त्यामुळे मधल्या चौकातून बाहेरच्या दाराकडे सरकलात तरी फरक पडतो. लहान मुलांचे कान झाकणारे इअरमफ मिळतात, ते बरोबर ठेवा आणि घरी आधी घालून बघा. लांबून बघण्याचा आणखी एक फायदा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, उजेड मात्र लगेच पोचतो. सातशे मीटरवर उभे असलात तर फूल उमलल्यावर दोन सेकंदांनी धडाका ऐकू येईल. मुलाला हे सांगा आणि दोघं मिळून मोजा: फूल, एक, दोन, धडाम. आवाज केव्हा येणार हे आधी माहीत असलं की त्याचा दणका निम्म्यानं उतरतो. कान झाकायलाही त्याला वेळ मिळतो. कदाचित तोच पुढची फुलं मोजत बसेल.

रांगांबद्दल थोडंच सांगते. डेव्हिड मायस्टर या अभ्यासकानं १९८५ साली रांगेत उभं राहणाऱ्या माणसाच्या मनावर एक लेख लिहिला, त्यातलं पहिलंच निरीक्षण असं की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. पुढचं एक असं की किती थांबायचंय हे न कळता थांबणंही लांब वाटतं. तेव्हा मुलांना खरा आकडा सांगा, ‘झालंच आता’ म्हणू नका. रांगेत खेळायचा एखादा शोधाशोधीचा खेळ ठेवा. उत्सवात सजावट एवढी असते की ‘वटवाघळं मोजा’ म्हटलं तरी वेळ जातो.

हरवण्याची काळजी सगळ्यांना असते, ती घ्यायलाच हवी. आत शिरण्याआधी मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा, हातावर किंवा मनगटपट्ट्यावर फोन नंबर लिहा. गर्दीत त्या दिवशी आणखी वाघ असतील, म्हणून तुमच्या वाघाच्या पायात लांबून ओळखू येतील असे भडक रंगाचे मोजे घाला. हरवलं तर पार्कच्या गणवेशातल्या, चेहरा उघडा असलेल्या माणसाकडे जायचं, हे दोघांनाही शिकवा. त्या गर्दीत कोण खरं कर्मचारी आणि कोण वेशातलं, हे लहान मुलाला कळणं अवघड असतं.

आणि तो पुन्हा रडला तर? रडू शकतो. त्याची तयारी ठेवूनच जा. उचलून घ्या, त्या जागेपासून दूर न्या, आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणण्याऐवजी काय झालं ते त्याला सांगा: “ते डोकं एकदम जवळ आलं, तुला भीती वाटली, आता आपण इकडे आलो.” आवाज आणि उजेड कमी असलेली जागा कुठे आहे ते नकाशावर आधीच बघून ठेवा. अलीकडे काही उद्यानं यासाठी शांत खोल्या ठेवतात. अमेरिकेतल्या सेसमी प्लेस या उद्यानाला २०१८ साली ऑटिझम असलेल्या मुलांच्या सोयींसाठी प्रमाणपत्र मिळालं, असं प्रमाणपत्र मिळवणारं ते पहिलं थीम पार्क. अशा सोयी त्या मुलांसाठी झाल्या, पण गोंगाटानं भांबावलेल्या कुठल्याही मुलाला त्यांचा उपयोग होतो. अर्ध्या तासानं तो सावरला तर ठीक. नाही सावरला तर तुम्ही आणि तो बाहेर पडाल, बाबा आणि मुलगी राहतील, सासूबाई त्यांना हवं तिथे जातील. हे घरीच ठरलेलं असू द्या, म्हणजे तिथे चेहरे पडणार नाहीत. लवकर बाहेर पडलेल्या मुलाला परतीच्या वाटेवर आवडलेल्या गोष्टींबद्दल विचारा. रात्री तो पुन्हा दचकून उठला तर काही दिवस जवळ झोपवा, दिवा लावून ठेवा. झोपेचा त्रास आठवड्यांमागून आठवडे चालला, किंवा दिवसाही तो एकटा राहायला तयार होईना, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पण गेल्या वर्षी तो आपणहून सावरला आहे, त्यामुळे मला ती चिंता वाटत नाही.

तिकिटं काढायच्या आधी पार्कला फोन करा किंवा लिहून विचारा: भीतीचा भाग किती वाजता सुरू होतो आणि तो आवारात कुठे असतो, वेशातले कलाकार लोकांना हात लावतात का किंवा वाट अडवतात का, धाकट्याच्या उंचीला चालणाऱ्या राइड उत्सवात चालू असतात का, आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत येता येतं का. नीट, सरळ उत्तरं देणाऱ्या पार्कलाच जा. सुट्टीचा दिवस टाळता आला तर टाळा, गर्दी निम्मी असली तर धाकट्याचं काम पुष्कळ सोपं होतं. आणि हे फोनचं काम मिस्टरांकडे द्या. बेत त्यांना आवडतो, मग या वेळचा बेतही त्यांच्याच हातचा असू दे.